वस्ती दोन, कुटुंबे दोन

आदरणीय दादांना,

मेव्हण्याचा नमस्कार. आपली तब्येत ठीक असेल, वहिनींची पाठही आता बरी असेल. इकडे मी अगदी मजेत आहे. आपल्या भगिनी एकोणीस दिवसांपासून आपल्याकडे आहेत. त्यांनी हवे तितके राहावे, इथे काहीही अडलेले नाही. (दोन पातेली करपली, पण ती जुनीच होती.) हे पत्र त्यांच्यासंबंधी नाही, जनगणनेसंबंधी आहे.

त्या का निघून आल्या हे त्यांनी सांगितलेच असेल. माझी बाजू एवढीच, की गल्लीच्या वळणावर अंधारात त्या पडल्या तेव्हा मी धावत गेलो आणि ‘अंडी फुटली का?’ असे विचारले. प्रश्नांचा क्रम चुकला, मान्य आहे. (डझनातली सात फुटली होती.) तिथे दिवा बसवून घ्या, असे त्या नऊ वर्षे सांगत होत्या. ‘दिवा लागला की कळवा’ एवढेच म्हणाल्या आणि बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत अर्ज घेऊन हजर. दिवाबत्तीचा कारकून म्हणाला, वस्तीचे आकडे जोडा, सगळे जनगणनेच्या इंटरनेटवरच्या नकाशावर आहे, कोणालाही फुकट बघता येते. म्हणून वाचनालयात गेलो. तिथे दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक चालतो. नकाशात दाट वस्ती तपकिरी आणि विरळ वस्ती फिकट पिवळी दाखवली आहे. मी पहिल्यांदा घराऐवजी कालव्यावर क्लिक केले. वस्ती शून्य, हे मला सरकारने न सांगताही ठाऊक होते. मग वय, शिक्षण, नळ, छपरे अशी एक यादी सापडली. एकेक कुठे बघत बसायचे म्हणून सगळ्यांवर खूण केली, तर अख्खे शहर काळे ठिक्कर पडले. ते घालवायला एक बटण दाबले, ते नेमके छापायचे निघाले. एकशे बारावा कागद बाहेर आला तेव्हा ग्रंथपाल बाईंनी येऊन प्रिंटरची वायर उपटली. (बाई सभ्य आहेत. त्यांनी फक्त माझे ओळखपत्र मागितले आणि बराच वेळ न्याहाळले.)

शेवटी बाईंनीच आमचा गट शोधून दिला. नकाशावर शहराचे छोटे छोटे गट पाडले आहेत. आमच्या गटात तीन गोदामे, कालवा आणि आमचे घर एवढेच येते. कोणाचेही नाव देत नाहीत, गुप्ततेचा नियम म्हणे फार कडक आहे. फक्त इतकेच लिहिले होते: वस्ती दोन, पुरुष एक, स्त्री एक, कुटुंबे दोन. बाईंनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिले.

चाळीस वर्षे मी वजनकाटे दुरुस्त केले. चुकीचा आकडा दिसला की मला जेवण जात नाही. (सध्या तसेही फारसे जात नाही.) एका नवराबायकोची दोन कुटुंबे कशी? बाईंनी खालची टीप वाचून दाखवली, की एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या जनगणनेच्या आदल्या दिवशी, भाजीत मीठ जास्त पडले आहे हे मी मिठाची बरणी स्वयंपाकाआधी आणि नंतर तोलून सिद्ध केले होते. (साडेतीन ग्रॅम. त्या आकड्यावर मी आजही ठाम आहे.) ‘आजपासून तुमचं तुम्ही शिजवा,’ असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी मोजणीच्या बाईंनी दारात विचारले, एकत्र जेवता का? आपल्या भगिनी खोटे बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘नाही. त्यांचं वेगळं.’ मी मागच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून अंडे उकडत होतो, म्हणजे पुरावाही हजर होता. तिसऱ्या दिवशी आमची दिलजमाई झाली, पण सरकारदरबारी आम्ही वेगळे झालो ते झालोच.

चूक दुरुस्त करायला मी तडक कारकुनाकडे गेलो. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, ‘दुरुस्ती कशाला करता काका? एका कुटुंबासाठी दिवा मिळत नाही. दोन असली तरच मिळतो.’ आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीचा आकडा समोर असताना गप्प बसलो आणि खाली सही केली.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

आपला,
मेव्हणा

ता. क. दिवा गुरुवारी लागला. लख्ख आहे, वळणावरचा खड्डासुद्धा स्पष्ट दिसतो. सहज कळवले.

आणखी एक ता. क. त्यांचा गुडघा कसा आहे, हे विचारायचेच राहिले. क्रम पुन्हा चुकला.

शेवटचा ता. क. नवी जनगणना सुरू झाली आहे. मोजणीच्या बाई सोमवारी आमच्याकडे येणार. ती इथे नसली तर नकाशावर वस्ती एक दिसेल, आणि पुढची दहा वर्षे तशीच दिसत राहील. मला ते बघवणार नाही. दादा, तिला रविवारच्या गाडीत बसवून द्या. बाईंनी जेवणाचे विचारले तर एकत्रच जेवतो म्हणून सांगावे. एक कुटुंब झाले की दिवा काढून नेतील, हे मी कारकुनाला विचारून घेतले आहे. नेऊ देत. मी बॅटरी आणून ठेवली आहे. रोज संध्याकाळी तिला घ्यायला वळणापर्यंत मी जात जाईन.