झिंगे आणि उघडी खिडकी

५ जानेवारी, सोमवार

झिंगेच करणार. ठरलं! बुधवारी माझा वाढदिवस आहे, आणि नवऱ्यानं, सम्यकनं, नवा ओव्हन आणलाय. केक खाऊन कुणाचं पोट भरतं?

पडेगावात आडनाव ऐकून तीन घरमालक ‘कळवतो’ म्हणाले. कुणी कळवलं नाही. शेवटी कारभारी काकांनी वरचा मजला दिला, एका अटीवर – “आमचं माळकरी घर हाय. मटण-मच्छी चालणार नाय.” आम्ही मान डोलावली. दोन महिने डाळ-भात चाललाय. मला त्या मान डोलावण्याचीच लाज वाटते.

७ जानेवारी, बुधवार

शहागंजातून अर्धा किलो झिंगे आणले. पाठीतला काळा दोरा काढला. आलं-लसूण, लाल तिखट, लिंबू, तेल लावलं. ओव्हनचं दार बंद असतं, म्हणून वास बाहेर जाणार नाही – माझी अक्कल! खिडक्या लावल्या. सम्यकनं दाराच्या फटीत टॉवेल कोंबला.

माहेरी मटणच शिजत आलेलं. त्याच हिशोबानं पाऊण तास ठेवले. झिंग्यांचं रबर झालं. वास तर गच्चीपर्यंत गेला. तसेच चावत बसलो, हळू आवाजात बोलत. ज्या घराचं भाडं देतो, त्यात चोरासारखे!

८ जानेवारी

काका जिन्यात – “महिना भरला की दुसरं बघा, ताई.”

खुलताबादहून आईचा फोन. “माफी माग, रत्ना. तोंड बांधून राहा, पण घर टिकव.” मी नाही म्हटलं. फोन ठेवून रडले. पण माफी मागणार नाही.

९ जानेवारी

सम्यक म्हणतो, विषय सोड. नाही सोडत.

१० जानेवारी, शनिवार

पुन्हा आणले. बारा मिनिटं, बास. रंग केशरी, कडा जरा वळलेल्या, आत मऊ. या वेळी सगळ्या खिडक्या सताड उघड्या. काका खाली अंगणात बसले होते. मी गॅलरीत बसले आणि ज्वारीच्या भाकरीशी सगळे खाल्ले. सम्यक आधी आत बसला होता. मग ताट घेऊन बाहेर आला.

१८ जानेवारी, रविवार

काकांची सून सायली सकाळी वर आली. “ताई, मोठं पातेलं हाय का? पाव्हणे लई आलेत, मटणाला आमचं पुरंना.”

“तुमच्यात माळ आहे ना?”

ती हसली. “कुणाच्या गळ्यात? दर रविवारी शेतात करतोत की. आज घरी.”

मी पातेलं दिलं. आईनं लग्नात दिलेलं, काठावर माझं पूर्ण नाव कोरलेलं, आडनावासकट. आता खाली मटण त्यातच शिजतंय.

संध्याकाळी पातेलं आणायला मी स्वतः जाणार. पाहुण्यांसमोरच काकांना सांगणार – घर सोडत नाही.