कुसळीचे ठोंब

निघोजे,
१६ जून २०२५

चि. मैत्रीस,
मामांचा आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. तुझ्या आत्याचे गुडघे पावसाआधी वर्दी देतात, ते काम त्यांनी सोडलेलं नाही. शेडमधल्या पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसचा आवाज बदलला होता. ऑपरेटर म्हणायचा, "शेठ, काय न्हाई, तुमाला भास होतोय." उघडली, तर बेअरिंग गेलेलं. आता तो माझ्या कानाला नमस्कार करून पाळीवर चढतो.

फोन सोडून कागद का, असं वाटेल तुला. फोनवर माझा आवाज तुला लगेच कळतो, म्हणून.

परवा तू आपल्या रणजीतनं लावलेल्या कुसळी गवताचं विचारलंस. तळेगावला माहेरच्या गच्चीत, कुंडीत येईल का म्हणालीस. येईल. माल नेणाऱ्या शेखरच्या टेम्पोतून मुळासकट ठोंब पाठवतोय, त्यासोबतच हे पत्र.

आठवतं ना, शेडमागचा मुरमाचा उतार दर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसायचा. मी भिंत बांधणार होतो. रणजीत गडी गेल्याच्या आदल्या दिवाळीत दिघीला लष्कराच्या कुंपणाबाहेरून, रस्त्याकडेची पिकलेली कुसळं पोतंभर घेऊन आला. पँटभर टोचलेली. तुझी आत्या म्हणाली, "आरं, गुरांच्या तोंडात घुसत्यात म्हणून आमी जल्मभर शिव्या घातल्या, आन् तू पेरतोयस व्हय?" तो म्हणाला, "आई, भिंत पडेल, ही नाही पडायची."

बी त्यानं लगेच टाकलं नाही. ताजं बी झोपेत असतं म्हणाला. उन्हाळाभर कोरड्यात ठेवलं आणि जूनमध्ये उतारावर नुसतं पसरलं, वर माती ओढली नाही. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी आपलं आपण जमिनीत शिरतं. मी उकिडवा बसून बघत राहिलो होतो. एवढी वर्षं ड्रिल मशीन चालवतोय, पण बिनविजेचं पहिल्यांदा पाहिलं.

गवत वीतभर झालं, आणि मग गेल्या वर्षीचा तो आषाढ आला. असो.

त्यानंतर मी त्या गवताला जपायला लागलो. कंपन्यांच्या गेटपाशी लॉन असतं ना, तसं. भर उन्हाळ्यात रोज पाणी, वर युरिया. असं हिरवंगार झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. मग आडवं पडलं, आणि अर्धं बुडातून कुजलं. माळावरचं गवत ते. उन्हाळ्यात वाळून पडून राहायचं आणि पावसात त्याच मुळावर पुन्हा फुटायचं, ही त्याची रीत. मी त्याला सुकूच दिलं नाही. पाणी तोडलं तेव्हा उरलेलं वाचलं.

म्हणून तू असं कर. मोठी कुंडी घे, तळाला भोक हवंच. निम्मा मुरूम, निम्मी माती, खत नाही. ठोंब हातानं फाड, प्रत्येक तुकड्याला मूळ राहील असं बघ. पाती वीतभर ठेवून छाट आणि उन्हात ठेव. पाऊस उघडला तरच पाणी, तेही मूळ धरेपर्यंत. कुसळं टोचायला नको असतील तर तुरे यायच्या आधी काप. एप्रिलमध्ये पिवळं पडेल. मेलं समजून उपटू नकोस.

गवताचं झालं. पण खोटं कशाला बोलू, लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तुझी आत्या स्पीकर लावून तुझ्याशी बोलत होती, मी ओसरीत बूट काढत होतो. तू म्हणालीस, "आत्या, चिंचवडचे पाहुणे मला बघायला आषाढातल्या त्याच रविवारी येतो म्हणतायत. मी नको म्हणून सांगितलं. ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी नको का?" ही म्हणाली, "तू तर पायजेच, बाई." फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्या पाहुण्यांच्या मुलाची चौकशी मी माझ्या पद्धतीनं केली. तो शिकवतो त्या शाळेसमोरच्या टपरीवर बसून दोन चहा प्यालो. आवाज चढवत नाही म्हणतात. पहिली बायको आजारात गेली. कुणी तिचं नाव काढलं तर विषय बदलत नाही, सांगतो. एवढं ऐकलं आणि मी उठलो. त्या घरात तुला रणजीतचं नाव गिळावं लागणार नाही.

पाहुण्यांना त्याच रविवारी येऊ दे म्हणालो, तर आत्या ऐकेना. "दहाव्याला कावळा शिवंना, तवा तुमीच कबूल केलं. मैत्रीला अंतर देणार न्हाई म्हणलात, आन् मगच शिवला. आता शब्द मोडताय?"

मी म्हणालो, "चतुरा, शब्द तिला सांभाळायचा दिलाय, अडकवून ठेवायचा न्हाई."

ती उठली. कपाटातून हिरवी साडी काढली. गेल्या दिवाळीत तुला म्हणून घेतली होती. "त्या रविवारी हीच नेसाय सांगा." टेम्पोत पिशवी आहे, ती त्या साडीची.

तेव्हा मैत्री, त्या रविवारी इकडे येऊ नकोस. पिंड आम्ही ठेवू. पाहुण्यांना 'या' म्हणून सांगा, असं मी तुझ्या वडिलांना कळवलं आहे.

मी स्वतः यायला हवं होतं. पण आलो तर तुला गाडीत बसवून परत आणीन. माझा मलाच भरवसा नाही.

उद्या तुला 'मामा' म्हणायला दुसरे सासरे असतील. त्यांना तोंड भरून म्हण, माझ्यासाठी राखून ठेवू नकोस. मला काय म्हणायचं ते तू ठरव. कशीही हाक मार, ओ देईन.

दत्तोबा