लेन्स साडूंना मिळू नये म्हणून

मी खाली सही करणार, वय वर्षे छप्पन, धंदा वजनकाटे दुरुस्ती, हे मृत्युपत्र दुकानामागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट "आत्ताच काय घाई आहे" असे घरातल्या सर्वांनी सांगून पाहिले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझ्या उजव्या हाताला कंप आहे आणि डोके ठिकाणावर आहे, असे लिहिले आहे. दाखल्याचा दुसरा भाग माझ्या साडूंनी, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, सावकाश वाचावा. माझे अक्षर वाकडेतिकडे दिसेल. त्यावरून मजकूरही वाकडा आहे असे समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात कोणाला काही तोंडी देऊन बसलो असेन तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, पत्नीला. न्हाणीघरातला नळ मीच दुरुस्त करणार, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असे मी बरीच वर्षे बजावत आलो. तो हुकूम मागे घेतो. प्लंबर बोलवावा.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. मुलगी परगावी नोकरी करते, ती "मला नको" म्हणेल. तिने घ्यावी आणि वाद घालू नये. वाद घालायची हौस तिला माझ्याकडून आधीच मिळाली आहे, ती या वाटणीत धरलेली नाही.

कलम ३. दुकान, हत्यारे आणि प्रमाणित वजनांची पेटी धाकट्या भावाला. वजने चिमट्यानेच उचलावीत. बोटाचा घाम लागला की वजन खोटे बोलायला लागते. भाऊ म्हणतो, "एवढ्याने काय होतंय?" एवढ्यानेच होते. लोकांची अख्खी दुकाने या "एवढ्याने"वर चालतात.

कलम ४. तिपाई, वाळूची पिशवी, वायरचे बटण आणि टेलिकन्व्हर्टर हे सामान पाचशेच्या, म्हणजे पाचशे मिलिमीटरच्या, लेन्सपासून कधीही वेगळे करू नये. लेन्स ज्याची, त्याचेच हे सगळे. टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारे जाड कडे. त्याने लांबचा पक्षी आणखी जवळ येतो, आणि त्याच्याबरोबर आपली प्रत्येक थरथर, प्रत्येक श्वास, मागच्या रस्त्यावरून गेलेला ट्रकसुद्धा जवळ येतो. माझ्याकडे आहे त्या १.४ च्या कड्याने उजेड निम्मा होतो. आमच्या पक्षी-छायाचित्र मंडळातले लोक ते हौसेने विकत घेतात, फोटो मऊ, म्हणजे धूसर, आला की त्याला शिव्या देतात आणि कपाटात टाकतात. मला हे कोणी शिकवलेले नाही. काटा जुळवतात तसे मी ते जुळवले. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे भोक, एक घर बंद करायचे. तिपाईवर बसवलेल्या लेन्सवर वजनाला वाळूची पिशवी ठेवायची. तिपाईचे पाय पुरते लांबवायचे नाहीत. कॅमेऱ्याला हात न लावता वायरच्या बटणाने फोटो घ्यायचा. ऊन चढून पाण्यावरची हवा उकळायला लागली की मुकाट्याने घरी यायचे, कारण त्या हवेपुढे कितीही महाग लेन्स हात टेकते. यात हातावर विसंबण्याचा प्रश्न येतोच कुठे? या लांबीला स्थिर हात कोणाचाच नसतो. माझा धडधाकट होता तेव्हाही नव्हता.

कलम ५. सर्व फोटो मुलीला, एक सोडून. त्या एका फोटोत खंड्या जुन्या बंधाऱ्याच्या लाकडी खांबावर बसून मासा आपटतो आहे. त्याची नखे, शेपटी आणि खांबातला गंजका खिळा लख्ख आहेत. डोके, चोच आणि मासा म्हणजे एक निळा-चंदेरी फटकारा आहे. हा फोटो मी मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी दिला. साडू मंडळाचे अध्यक्ष आहेत, निवडही तेच करतात. त्यांनी फोटोच्या पाठीवर लाल शाईने एक शब्द लिहिला: हललेला.

आपल्याकडे फोटो बिघडला की तो "हलला". फोकस पक्ष्याला सोडून मागच्या फांदीवर बसला तरी हलला. हवा तापली तरी हलला. काच पुसायची राहिली तरी हलला. काटा दुरुस्तीला आणणारे गिऱ्हाईक असे म्हणाले तर मी सोडून देईन. अध्यक्षांनी म्हणू नये.

मी भर सभेत विचारले, "हललं कोण? मी हललो असतो तर खिळापण हलला असता. खिळा बघा."

साडूंनी खिळा बघितला नाही. माझ्या हातातला कप बशीवर वाजत होता, तो बघितला. म्हणाले, "साडू, कशाला ताणताय? हल्ली तुमचं काय चाललंय ते दिसतंय सगळ्यांना."

खजिनदार मध्येच म्हणाले, "आणि पक्ष्याचा डोळा शार्प नाही हो."

"मासा आपटताना मान ताठ ठेवणारा खंड्या पाळला असेल कोणी, तर उद्या घेऊन या," मी म्हणालो.

त्यांनी फोटो तपासला नाही. माझा हात तपासला आणि निकाल फोटोवर लिहिला. असे तोलणारा काटा माझ्याकडे आला असता तर मी त्याला सील ठोकू दिले नसते. तो फोटो मी मंडळाला देत आहे. लाल शाईतला शब्द खोडू नये, त्याच्या आधी "पक्षी" एवढेच जोडावे आणि फोटो सभेच्या खोलीत पाठ दिसेल असा लावावा. पुढची बाजू बघायची मंडळाला तशीही सवय नाही.

कलम ६. पाचशेची लेन्स. सभेनंतरच्या रविवारी साडू घरी आले, खांद्याला रिकामी बॅग लावून. "ही तोफ आता तुम्हाला झेपायची नाही. धूळ खात पडण्यापेक्षा माझ्याकडे राहू दे. घरातल्या घरातच आहे की." बोलणे गोड होते आणि बॅग लेन्सच्या मापाची होती. मी जे उत्तर दिले ते कायदेशीर कागदावर लिहिण्याजोगे नाही. माझी पत्नी मात्र चकार शब्द बोलली नाही, याची इथे नोंद करतो.

सबब लेन्स मुलीला. ती फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्या एका खोलीत ही तोफ कुठे ठेवू? पण मावशीकडच्या काकांना द्यायची नाही, एवढं लिहाच." तिने पलंगाखाली ठेवली तरी चालेल. पत्नीला देत नाही, कारण तिला ती जड होईल, आणि पक्षी दिसला की तिला बोलल्यावाचून राहवत नाही. साडूंना लेन्स विकत, उसनी, सांभाळायला किंवा "नुसती बघायला" देऊ नये.

कलम ७. माझ्यामागे मंडळाने शोकसभा घेतलीच तर अध्यक्षांनी भाषण करू नये. करायचेच झाले तर मला "पक्षीवेडा" म्हणू नये. वेडाने फोटो लख्ख येत नाहीत. वर्तमानपत्रात माझा फोटो द्यायचा असल्यास ओळखपत्रावरचा द्यावा. साडूंनी लग्नात काढलेला देऊ नये. तो खरोखर हललेला आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकट्या भावाने करावी.

कलम ८. वरचे सर्व लिहून झाल्यावर हे कलम वाढवावे लागत आहे. पत्नी चहा घेऊन आली आणि तिने माझ्या खांद्यावरून कलम ६ वाचले.

"जड होईल? गॅसची भरलेली टाकी या घरात कोण सरकवतं?"

"तू बोलतेस. त्या टिटवीला उडवलंस."

"ती तुमच्या खोकल्याने उडाली. आणि चकार शब्द नाही म्हणे. बहिणीच्या नवऱ्याला दारात काय सुनावू? तो जिना उतरायच्या आत मी लेन्स कपाटात घातली, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही मागितलीत का एकदा तरी? साडू नेतील म्हणून बोंब मारायची, आणि आपण कपाटाकडे फिरकायचं नाही."

शेवटी मी खरे ते सांगितले, "बटण दाबायला जातो तर बोट भलत्या वेळी दाबलं जातं."

"मग मी दाबते. पक्षी कधी उडणार, कधी आपटणार, ते तुम्हाला आधी कळतं. तुम्ही 'आता' म्हणा. आणि पोरीने पलंगाखाली ढकलायला मेल्यावर कशाला देताय? मला आज द्या."

जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. लेन्स मी आज, जिवंतपणी, पत्नीला देऊन टाकली आहे. सबब कलम ६ रद्द, त्यातले साडूंबद्दलचे वाक्य कायम. कलम ४ मुळे तिपाई, पिशवी, बटण आणि कन्व्हर्टरही तिचेच झाले, हे आत्ता ध्यानात आले. तिची अट अशी की मी "आता" एवढेच म्हणायचे. अ‍ॅपर्चर, पिशवी आणि तिपाईचे पाय यांवर मागून बोलायचे नाही. ही अट मला अजिबात मान्य नाही. उद्या पहाटे बंधाऱ्यावर जायचे ठरले आहे.

सही: वजनकाटेवाले

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले. सहीला वेळ लागला. कोणी त्यांचा हात धरला नव्हता, धरू दिलाही नसता.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार: समोरच्या औषध दुकानाचे मालक (सही)

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळ