मनगटाच्या वर चार बोटं

तीर्थपुरी,
११ डिसेंबर २०२४

चि. साधना हिला थोरल्या काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं बरं आहे. तूर काढणीला आली. तुझी मोठी आई गुडघ्याला एरंडाचं पान बांधून हिंडते. आपलं पंप-नोझलचं दुकान महिनाभर बंद आहे, काम कमी आहे. तुझा बाप फोनवर जास्त बोलत न्हाई म्हणून रुसू नको. सर्दीनं आवाज बसलाय.

दिवाळीला तू पुण्याच्या प्रयोगशाळेतला व्हिडिओ दाखवलास, तो डोळ्यांपुढून हलत न्हाई. इंजिनाला काचेची खिडकी. नोझलमधून डिझेल सुटलं, तुऱ्यासारखं पसरलं, कुठवर गेलं ते तू पट्टीवर दाखवलंस, अन् मंग त्यानं जाळ धरला. चाळीस वर्षं नोझल दुरुस्त केले, पण इंजिनाच्या पोटात काय होतं ते सातवी पास माणसानं त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा तू म्हणालीस, "काका, फवारा तपासताना पुढं तळहात धरू नका. धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरा."

मी हसलो. "पोरी, आमची काच म्हणजे हा तळहातच."

तुझ्या बापानं मात्र ऐकलं. दुसऱ्याच दिवशी खोक्याचा पुठ्ठा कापून आणला.

साधना, सर्दी-बिर्दी काही न्हाई. खोटं लिहिलं.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी शिवाजी त्याच्या ट्रॅक्टरचा नोझल घेऊन आल्ता. नोझलमधून दाबानं डिझेल सोडायच्या टेस्टरचा दांडा माझ्या हातात होता. तुझ्या बापानं, धर्मराजनं, पुठ्ठा पुढं धरला, तो मी ओढून फेकला. गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "लेकीनं व्हिडिओ दाखवला अन् भ्यालास व्हय रे?" शिवाजी हसला.

"भ्यालो न्हाई, दादा," म्हणाला, अन् हात पुढं केला. मी दांडा दाबला.

सुईच्या टोकाएवढा ठिपका. रक्त न्हाई. "मुंगी चावल्यागत झालं," म्हणाला. मी म्हणालो, हळद लाव. दुसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा फुगला, तरी मी "उद्या पाहू" म्हणत राह्यलो. तिसऱ्या दिवशी संभाजीनगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी आणलं असतं तर..."

तू फवारा कुठवर जातो ते काचेतून मोजतेस. इथं डॉक्टरांनी मोजला, डिझेल मांस सडवत कुठवर चढलं ते. मनगटाच्या वर चार बोटं. उजवा हात तिथवर काढला.

आता तुझी आई त्याला घास भरवते, अन् तो भिंतीकडं तोंड करून खातो. तुझी परीक्षा होईस्तोवर सांगायचं न्हाई, अशी त्यानं आम्हाला शपथ घातली. ती मी मोडली. कारण तू आलीस की तो म्हणंल, "चूक माझी, माझाच हात पुढं गेला." सगळ्यांना तेच सांगतो. शिवाजीलाही तेच सांगायला लावलं. त्याचं ऐकू नको.

पुठ्ठा अजून दुकानात बाकड्याखाली पडलाय. त्यावर आधीच्या तीन नोझलचे डाग आहेत, गोल, बराबर. मला तो उचलवत न्हाई.

पत्राच्या शेवटी थोरल्यानं पुन्हा आशीर्वाद लिहायची रीत असती. वरचा सवयीनं लिहिला गेला. तो ठेवायचा का खोडायचा, ते तू ठरव.

तुझा थोरला काका,
कल्याण