परक्या भाषेत सत्तर मिनिटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा नमस्कार सात अंगांचाच समज. आठवं अंग बरं झालं की वेगळं पाठवीन.) तुझी तब्येत कशी आहे? या खेपेला हे रिवाज म्हणून विचारत नाही. तू ठणठणीत असणं मला अतिशय गरजेचं झालं आहे; का, ते पुढे येईल. भाऊजींना नवी कवळी मानवली का? खरं तर हे सगळं रविवारी फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस आणि ही हकीकत मधे तोडण्यासारखी नाही. म्हणून पत्र लिहून पानांचे फोटो पाठवतोय. चष्मा लाव आणि बसून वाच.

ताई, मी बोललो! इथल्या भाषेत, एका परक्या बाईंशी, सलग सत्तर मिनिटं!

तुला आजवर सांगितलं नव्हतं, पण लेकीकडे येऊन सात महिने झाले आणि तेवढ्या दिवसांत घराबाहेर माझ्या तोंडून तीनच शब्द निघाले होते: हो, नाही आणि धन्यवाद. तेही पुष्कळदा चुकीच्या जागी. दुकानात मी बोट दाखवायचो. दवाखान्यात लेक माझ्या वतीने बोलायची. पोट कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, यावर ती आणि डॉक्टर तावातावाने चर्चा करायचे आणि पोटाचा मालक मधे मुकाट बसलेला. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, हाताखाली नऊ माणसं वागवली, माझी हाक तळघरातून गच्चीपर्यंत जायची; आणि इथे कुणी 'शुभ सकाळ' म्हटलं तरी मी भिजल्या मांजरासारखा भिंतीला चिकटायचो. लेकीने भाषेचं पुस्तक आणून दिलं. त्यातले नऊ धडे मी आरशासमोर पाठ केले. (आरसा उलट प्रश्न विचारत नाही, त्यामुळे प्रगती उत्तम होती.)

तर परवा मंगळवारी सकाळी मी आमच्या चौथ्या मजल्यावरून खाली निघालो. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाई आधीच उभ्या होत्या. साधारण तुझ्याच वयाच्या, तशाच ताठ, हातात कपड्यांची पिशवी. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे खट्‌ असा आवाज झाला आणि लिफ्ट थांबली. ताई, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. चौथ्या मजल्याचं दार मिटल्याचं लिफ्टला कळवणारा कॉन्टॅक्ट मळला होता. फडक्याने पुसला की काम झालं. आजार मला ठाऊक, औषध मला ठाऊक, आणि सांगायला शब्द एक नाही! मी घंटेचं बटण दाबलं, तशी त्याखालच्या जाळीतून लिफ्ट कंपनीच्या मेकॅनिक बाईचा आवाज आला. तिने काहीतरी विचारलं. इकडे पाचव्या मजल्यावरच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. दारावर बुक्क्या मारत होत्या, श्वास पुरत नव्हता, त्यांना बोलणं अशक्यच होतं. म्हणजे बोलायला उरलो मी.

माझा नुकताच नववा धडा झाला होता, 'डॉक्टरांकडे'. जे हाताशी होतं तेच काढलं. मी जाळीत तोंड घालून ओरडलो, "चौथ्या मजल्याच्या दाराचा घसा खराब आहे! तीन दिवसांपासून! ते तोंड नीट मिटत नाही! कृपया स्वच्छ कापड घेऊन या!" मग ती मेकॅनिक अशी खदखदून हसली, की मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली (आणि मला कळलं, ताई, शब्द न्‌ शब्द कळला!), "समजलं, डॉक्टर. तासाभरात येते."

आता हा तास काढायचा कसा? बाई पिशवी कवटाळून खाली बसल्या होत्या. बंद जागेत घाबरलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं, हे मला धंद्यामुळे माहीत. विषय कुठलाही चालतो. म्हणून मी त्यांच्या शेजारी टेकलो आणि पहिल्या धड्यापासून सुरू केलं. मी मेकॅनिक आहे. आज मंगळवार आहे. हे सफरचंद आहे. (सफरचंद नव्हतं. पण धड्यात होतं, गाळलं असतं तर पुढचं आठवलं नसतं.) सफरचंदापाशी बाईंनी डोळे उघडले. तिसऱ्या धड्यातली लाल छत्री शोधायला लागलो तेव्हा त्या हसल्या. आणि पाचव्या धड्यात तर त्यांनी माझं क्रियापद दुरुस्त केलं! तिथून गाडी जी सुटली म्हणतेस! त्या विचारायच्या, मी सांगायचो. शब्द अडला की हात, हात अडले की पाय. माझी भीती कुठल्या मजल्यावर उतरून गेली, कळलंच नाही.

सहावा धडा 'कुटुंब'. तिथे अर्थातच तू आलीस. मी म्हणालो, माझी मोठी बहीण लांब राहते. बाईंनी हळूच माझा हात धरला. मी म्हणालो, दर रविवारी मी तिच्याशी बोलतो. त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, ती उत्तरही देते, बहुतेक वेळा रागावते. त्या रडल्याच. मला वाटलं, बघा, किती हळवी माणसं! मेकॅनिक आली, दाराचा घसा पुसला, आम्ही तळमजल्यावर बाहेर पडलो, आणि मी चार मजले जिन्याने चढून घरी आलो, नव्हे, उडत आलो. (गुडघा धरला तो तेव्हाच.)

काल सकाळी दाराशी पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि एक कार्ड. लेकीने कार्ड वाचलं, मला सगळं विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला. इथल्या भाषेत 'लांब राहते' आणि 'देवाघरी गेली' यांत एका अक्षराचा फरक आहे म्हणे. मला तो ऐकूही येत नाही. लेक म्हणाली, "बाबा, मी दोन मिनिटांत जाऊन निस्तरते." मी म्हणालो, "खबरदार! माझी बहीण मी मारली, मीच जिवंत करीन."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून परक्या दाराची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. मी घोटून पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "माझी बहीण जिवंत आहे." त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हो. इथे." मी म्हणालो, नाही, नाही, ती दोन वेळा जेवते, शेजाऱ्यांशी भांडते! त्यांनी डोळे पुसत मला आत नेलं, चहा दिला, आणि आम्ही दोन तास बोललो. त्यांचीही एक बहीण होती. ती खरोखरच गेली, गेल्या वर्षी. तेव्हापासून त्या घरात कुणाशी तिच्याबद्दल बोलल्या नव्हत्या. मग, ताई, तुझं राहूनच गेलं. तूच सांग, अशा वेळी व्याकरणात कोण शिरणार?

भाऊजींना नमस्कार. तुझ्या धाकट्याच्या तोंडाला वाचा फुटली, याचा आनंद मान.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या शनिवारी बाईंनी इमारतीतल्या सात जणांना चहाला बोलावलं आहे, तुझ्या आठवणींसाठी. मी चार शब्द बोलायचे आहेत. (अकरा वाक्यं तयार आहेत!) बरोबर चार वाजता मी तुला व्हिडिओ कॉल लावून फोन सगळ्यांसमोर धरीन. कृपा करून उचल. आणि नेहमीसारखी फोटोतल्यासारखी ताठ बसू नकोस. हात हलव, भाऊजींवर ओरड.

ता. क. २. लेकीला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतंय, मी सगळं निस्तरून आलो.

ता. क. ३. तू तिथे म्हणायचं वाक्य सोबतच्या पानावर आपल्या अक्षरांत मोठं करून लिहिलं आहे. अर्थ : 'मी जिवंत आहे आणि मजेत आहे.' मी स्वतः रचलं आहे. पुस्तकात बघायची गरजच वाटली नाही.