भैरवी घ्यावी

गुरु. १६ जाने.
रविवारचं एकदाचं मार्गी लागलं. कॉलेजचं सभागृह एक, कार्यक्रम दोन. सकाळी साडेआठला माझ्या गाण्याच्या बाईंची मैफल, अकराला मुलाखत कशी द्यावी यावर कार्यशाळा. संचालक म्हणतात, "मंगलताई, तुम्ही आहात म्हणून सांस्कृतिक विभाग चालतो." चालतो कसला, मी ढकलते. शाल, नारळ, माइक, वक्त्यांच्या पथ्याचा डबा, सगळं माझ्याच गळ्यात.
संध्याकाळी नाशिकरोडला बाईंकडे. तालमीला बोलावतात, हा तिसरा गुरुवार. वय अठ्ठ्याहत्तर, सहा वर्षांनी स्टेजवर बसणार. गाता गाता एका जागी थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार?

रवि. १९ जाने.
लिहू की नको. लिहितेच.
साडेआठचं नऊला सुरू झालं, ते होतंच आपल्याकडे. मरणाची थंडी, तरी सभागृह पाऊण भरलेलं. बाई दीड तास तोडी गायल्या. मग जौनपुरी. बंदिशीची पहिली ओळ नुकती मांडली होती, आणि मी वहीचं पान फाडून लिहिलं, "वेळ झाली. भैरवी घ्यावी." हार्मोनियमवाल्याकडे पोचती केली. आयोजकांची चिठ्ठी येतेच कलाकाराला, त्यात नवल नाही. पण अशी अर्ध्यात?
बाईंनी चष्मा लावला, वाचली, घडी घालून मांडीखाली ठेवली. जौनपुरी तिथल्या तिथे सोडली. भैरवी जेमतेम पाच मिनिटं. भैरवी झाली की गाणं संपलं, त्यावर कुणी अजून एक म्हणत नाही. कुणी म्हणालंही नाही.
कार्यशाळेचे वक्ते बारा वाजता उगवले. तासाहून जास्त सभागृह रिकामं. मी खुर्च्या सरळ करत बसले.
गाडीत बसताना बाई म्हणाल्या, "अक्षर अजून तसंच आहे तुमचं."
तुमचं. एकोणीस वर्षांची असताना शिकायला गेले तेव्हापासून मला मंगे म्हणतात.

मंगळ. २१ जाने.
बाईंना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांची सून, रेखा. "आई झोपल्यात." सकाळी अकराला? ही बाई दुपारीसुद्धा कधी लवंडली नाही.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, वेळ म्हणजे वेळ. त्यांनी समजून घ्यायला हवं." ह्यांचं गाणं म्हणजे रेडिओ. बटण दाबलं की बंद.
जेवले नाही. भूक होती तरी.

गुरु. २३ जाने.
गेले शेवटी. रेखाने दारातच सांगितलं, "ताई, आईंनी गाण्याचा वर्ग बंद केला. आठही मुलींना म्हणाल्या, दुसरीकडे जा." तिचं तोंड उतरलेलं. म्हणे सकाळी तंबोरासुद्धा काढत नाहीत.
बाई बाहेर आल्या. "या, बसा. चहा घेणार ना तुम्ही?" पाहुण्याला विचारावं तसं. ह्या घरात मी स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलेय, कपबशा विसळल्यात.
मी म्हटलं, बाई, संचालकांनी सांगितलं म्हणून चिठ्ठी द्यावी लागली.
"बरोबरच आहे. संस्थेला वेळ पाळावी लागते. आणि माझी भैरवी झालीच आता."
हसत म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा गिळला आणि निघाले.

सोम. २७ जाने.
खाई त्याला खवखवे.
संचालकांनी काहीच सांगितलं नव्हतं. उलट मागे येऊन म्हणाले होते, "रंगलंय तर चालू द्या, कार्यशाळा थोडी पुढे ढकलू." मीच म्हटलं, नको सर.
का, ते पण लिही मंगल. इथे कोण बघतंय.
बाईंचा वरचा सा फाटत होता. तोडीत दोनदा, जौनपुरीत पहिल्याच ओळीला. पुढच्या रांगेतल्या दोन मुली ओढणी तोंडाला लावून हसल्या. मला ते बघवेना. आणखी अर्धा तास गायल्या तर सगळ्यांसमोर हसं होईल, असं वाटलं. भैरवी त्या खालीच गातात, निभावून नेतील. वाचवायला गेले होते मी. खरंच.
पण तालमीतही तोच सा फाटत होता. तिन्ही गुरुवारी. तेव्हा छान छान करत राहिले. तोंड उघडायचं तिथे उघडलं नाही आणि नको तिथे कागद फाडला.
आता सांगितलं तर म्हणतील, आवाज गेला माझा, आणि पुन्हा तंबोऱ्याला हात लावणार नाहीत. नाही सांगितलं तरी लावत नाहीयेत. मधल्या मधे संचालकांच्या नावावर खोटं बोलून बसले, ते वेगळंच.

गुरु. ३० जाने.
आज व्याख्यान. विषय: नात्यांतला संवाद. सूत्रसंचालन अर्थात मी. वक्ते म्हणाले, आपल्या माणसाशी मोकळं बोला. मुलांनी वहीत लिहून घेतलं. आभार मानताना माझी जीभ दोनदा अडखळली.
नंतर बाईंच्या वर्गातली कोमल भेटली. आपल्याकडेच बी.ए.ला आहे, एकलहऱ्याहून येते. "मॅडम, आम्ही कुणीच दुसरीकडे गेलो नाही. बाई परत शिकवतील ना? तुम्ही बोला ना, तुमचं ऐकतील."
बघते म्हटलं. संध्याकाळी नाशिकरोडला गेले नाही. डोकं दुखतंय असं ह्यांना सांगितलं.

मंगळ. ४ फेब्रु.
सांगायचं ठरवलं. नंतर नको ठरवलं. भाजी करपली.

गुरु. ६ फेब्रु.
बाई मेथी निवडत होत्या. "या" म्हणाल्या. मी समोर बसून एक जुडी सोडली, म्हणजे हातांना काम. आणि मान खाली घालूनच बोलले. संचालकांनी नाही सांगितलं, बाई. मी स्वतः लिहिली चिठ्ठी.
"माहिती आहे. त्यांचा फोन आला होता, गाणं लवकर का आटोपलं म्हणून विचारत होते." पानं खुडत राहिल्या. "का लिहिलीत?"
म्हटलं, वरचा सा फाटत होता. मुली हसत होत्या.
मला वाटलं, झालं, आता उठून आत जातील.
"मला ऐकू येतं, मंगे. बहिरी नाही झाले अजून." जुडी खाली टाकली. "गाताना आपला आवाज आपल्याला कळत नाही पुरता. म्हणून तर तुला बोलावत होते तालमीला. दर वेळी थांबून बघत होते तुझ्याकडे. तू म्हणालीस छान. सांगितलं असतंस तर पेटीवरची काळी पाच सोडून काळी चारमध्ये गायले असते. एक पट्टी खाली. त्यात काय कमीपणा होता?"
एक पट्टी. एवढंच होतं. अकरा वर्षं शिकले त्यांच्याकडे, आणि मला हे सुचलं नाही. मला फक्त बंद करायचं सुचलं.
रडले. बाईंनी जवळबिवळ घेतलं नाही. मेथी ओली करू नकोस म्हणाल्या.
निघताना विचारलं, वर्ग सुरू कराल? मुली थांबल्यात.
"ते मी बघीन." चपला घालेपर्यंत दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तू मात्र छान म्हणायला येऊ नकोस इथे."
म्हणजे येऊच नकोस, की आलीस तर खरं ते सांग? रिक्षात घोकत आले, अजून कळत नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, सरळ आहे, नको म्हणाल्या.
पुढच्या गुरुवारी तेरा तारीख. संध्याकाळची रजा टाकली आहे.