मानेवरचा भोवरा

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा मान लाल! हनुवटीखाली डाव्या बाजूला तळहाताएवढा पट्टा, त्यावर मोहरीएवढे फोड. दुपारी बाबांनी खाजवून रक्त काढलं. उशीचा अभ्रा दोनदा बदलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कातडी कागदासारखी झालीय त्यांची. अजून एकदा चिघळलं तर दाढी बंद. वाढू द्या."

वाढू द्या! आयुष्यभर गुळगुळीत गालांनी कचेरीत गेलेला माणूस. तापातसुद्धा दाढी चुकवली नाही. आता चार दिवसांचे खुंट आले की गाल चाचपतात आणि घाबरतात – हा कोणाचा चेहरा, असं. माझं नाव विसरले, आई गेली ते विसरले. दाढी तेवढी लक्षात.

दादाचा फोन. "मशीन फिरव की सरळ!" मशीनच्या आवाजानं बिथरून बाबा मागच्या आठवड्यात मला चावले, हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं की त्या 'चांगल्या जागे'चा विषय निघतो. तिथं माणसं फार प्रेमळ आहेत म्हणे. फोटो पाठवलेत. सगळे म्हातारे एका ओळीत, एकजात दाढ्या वाढलेल्या.

९ जानेवारी, गुरुवार

उस्तादांकडे जाऊन आले. तीस वर्षं बाबा दाढीला त्यांच्या सलूनमध्ये, त्यांच्याच खुर्चीत बसायचे. बाबांचं डोकं असं व्हायला लागल्यावर उस्ताद घरी यायला लागले. पायांनी दिवाळं काढलं माझं, म्हणाले – खुब्याचं हाड मोडलं आणि आमचे तीन जिने त्यांना बंद झाले.

पलंगावर बसूनच त्यांनी माझी शिकवणी घेतली. "ताई, दाढी पात्यानं होत नाही, पाण्यानं होते. गरम टॉवेल किती वेळ ठेवता?"

मिनिटभर, म्हटलं.

"मग ती दाढी नव्हे, सोलणं झालं."

घ्या! पण म्हातारा चुकीचं बोलला नाही. टॉवेल पाच मिनिटं, गार झाला की पुन्हा गरम. ब्रशनं गोल गोल फेस, केस उभे राहीपर्यंत. मग तो दोन मिनिटं मुरू द्यायचा. पातं दर वेळी नवं. पात्याला स्वतःचं वजन असतं, त्यात आपलं घालायचं नाही. फेस नाही तिथं पातं नाही. केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूला हात – सुलटा. उलटा हात या वयात मानेवर कधीच नाही. शेवटी गार पाणी, तुरटी, आणि टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही.

निघताना विचारलं, "समोर उभ्या राहता का? मी मागं असायचो. साहेब डोळे मिटायचे. मग बोलत बसायचे."

बाबा? बोलत बसायचे? घरी तर 'चहा' आणि 'नको' याच्यापुढं गाडी गेली नाही कधी.

१० जानेवारी, शुक्रवार

बाबा दुपारी झोपले तेव्हा त्यांच्यासमोर बसून कोरड्या बोटांनी गाल चाचपले. केस कुठून कुठं वळतात ते कागदावर बाणांनी काढत गेले. बावीस वर्षं ऑफिसात लोकांच्या इमारतींचे नकाशे काढतेय. आज बापाच्या दाढीचा काढला!

गालांवर सगळं खाली. हनुवटीवर थोडं तिरकं. आणि डाव्या जबड्याखाली – भोवरा! डोक्यावर असतो तसा. चारी बाजूंना फिरलेले केस. तिथंच दर वेळी आग होते. सापडला चोर!

११ जानेवारी, शनिवार

बोलले!! तीन महिन्यांत पहिल्यांदा पुरं वाक्य.

खुर्चीमागं उभी राहिले, टॉवेल ठेवला. बाबांनी डोळे मिटले. खांदे सैल सोडले. आणि म्हणाले, "आज पाणी छान तापवलंय, उस्ताद."

मी वेडी, आनंदानं ओरडले, "हो बाबा!" झालं. डोळे उघडले, मान गर्रकन वळवली. "कोण बाई ही? उस्ताद कुठायत?" पातं अजून हातात घेतलं नव्हतं, म्हणून निभावलं. अर्धा तास थरथरत होते. मग पुन्हा टॉवेलपासून सुरुवात. या वेळी तोंडाला कुलूप. दाढी झाली. मानेवर थोडी लाली.

१३ जानेवारी, सोमवार

तोंडातून ब्र काढला नाही. फक्त घशातल्या घशात 'हं'. उस्तादही तेवढंच म्हणत असतील.

"मुलगा बरा आहे," बाबा म्हणाले. "लांब असतो. धाकटी घरी असते. हेकट आहे, माझ्यावर गेलीय."

हसू दाबताना हात थांबवावा लागला. पुढं ऐकायचं होतं, पण दाढी संपली. दाढी संपली की बोलणंही संपतं. टॉवेल दुमडला की भिंतीकडे बघत बसतात, आणि मी पुढं गेले की माझा हात झटकतात.

संध्याकाळी मान लालभडक. डावीकडेच! सगळं उस्तादांनी सांगितलं तस्सं केलं होतं. सगळं! मोरीत जाऊन रडले.

१४ जानेवारी, मंगळवार

फोड. मलम. रविवारी दादा त्या जागेचे कागद घेऊन येतोय.

१६ जानेवारी, गुरुवार

गाढव आहे मी. शहाणी, शिकलेली, बावीस वर्षांच्या अनुभवाची गाढव!

नकाशा समोर बसून काढला. दाढी मागं उभी राहून केली. कागदावर भोवरा उजव्या हाताला, कारण समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मागं गेल्यावर मी कागदाकडे बघून उजवी बाजू जपत बसले. आणि खऱ्या भोवऱ्यावर बिनधास्त सरळ हात! दोन्ही वेळा! नव्या पोरानं ऑफिसात असा उलटा नकाशा काढला असता तर मी त्याला उभा-आडवा सोलला असता.

ट्रेसिंग कागदावर उतरवून उलटा केला आणि भिंतीला चिकटवला. पण चूक कळून उपयोग काय? मान बरी होईपर्यंत पातं लावता येत नाही. खुंट वाढलेत. बाबा दिवसभर गाल चाचपतात. अक्षर नाही तोंडातून.

१८ जानेवारी, शनिवार

मान सुकली. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, नाहीच म्हणाल्या असत्या. दुपारी दाढी केली. भोवऱ्याला छोटे छोटे हात, प्रत्येक दिशेला वेगळा, दर वेळी नवा फेस. नुसत्या त्या रुपयाएवढ्या जागेला दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत बाबा म्हणाले –

"धाकटीला बाहेरगावी मोठ्या कॉलेजात जागा मिळाली होती, उस्ताद. इमारती बांधायचं शिकणार होती. बायको आजारी. घरात कोणीतरी हवं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते."

हं, म्हटलं.

"झालं असतं. मला ठाऊक होतं. तसं म्हटलं की ती थांबेल, म्हणून म्हटलं."

मी पातं बाजूला ठेवलं. हात धुतले. पुन्हा फेस केला. उरलेली दाढी पुरी केली.

सत्तावीस वर्षं मी समजत होते की माझ्याच्यानं झालं नसतं.

१९ जानेवारी, रविवार

दादा आला. मान पाहिली. साफ! एक ठिपका नाही. "बरी दिसतेय की," म्हणाला, जरा हिरमुसलाच. कागद पिशवीतच ठेवले. "महिनाभर बघू. पण तू स्वतःकडे बघितलंस का आरशात?"

नाही बघितलं. महिन्यानं काय होणार आहे? डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलंय, हे दुखणं मागं फिरत नाही. आज उस्ताद आठवतात. उद्या तेही जातील. मग मी कोणाची नक्कल करू?

२१ जानेवारी, मंगळवार

काल दाढी छान झाली. आग नाही, लाली नाही. बाबा हवेबद्दल बोलले, कचेरीतल्या एका जाड्या हेडक्लार्कबद्दल बोलले. मी वाट बघत होते. धाकटीचं नाव नाही.

राग येतोय. इतका की पानावर पेन रुततंय. माफी माझ्या वाटची, आणि ऐकवली उस्तादांना! मी तिथं होते, माझे हात त्यांच्या मानेवर होते, आणि मी नव्हते. एकदा, फक्त एकदा, मला बघून म्हणा. मग पुन्हा विसरा.

संध्याकाळी समोर जाऊन बसले. त्यांनी हात झटकला, तरी मी उठले नाही. "बाबा, मी धाकटी. उस्तादांचा पाय मोडलाय. दाढी मीच करते तुमची. पुढंही मीच करणार." तीनदा सांगितलं. ते भिंतीकडे बघत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

२३ जानेवारी, गुरुवार

दाढी झाली नाही. टॉवेल घेऊन मागं उभी राहिले तर बाबांनी हात वर केला. "आजपासून नको, उस्ताद. राग मानू नका. धाकटी करते म्हणालीय. तिचीच वाट बघतोय."

मी समोर गेले. "आले बाबा," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान जरा बाजूला करून, माझ्यामागच्या दाराकडे.